बिल्टीवर वेळ नसते

बिल्टी म्हणजे ट्रकनं पाठवलेल्या मालाची पावती. तिच्यावर सगळं असतं. माल पाठवणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, गाडी नंबर, नग, वजन, ठरलेलं भाडं, दिलेला ॲडव्हान्स, राहिलेली बाकी. वर कोपऱ्यात तारीखही असते. गाडी किती वाजता सुटली, तेवढं मात्र कुठेच नसतं. तीस वर्षं झाली मी बिल्ट्या हाताळतोय, आधी ड्रायव्हर म्हणून आणि आता सहा गाड्यांचा मालक म्हणून. पण ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला माझ्या ड्रायव्हरचा, नानाचा पाय मोडावा लागला.

नानाचं पुढे सांगतो. आधी आमचा धंदा सांगायला पाहिजे.

मी निफाड तालुक्यातला. ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत आमच्या पिंपळगावच्या बाजारात टोमॅटोच टोमॅटो. शेतकरी दुपारपासून कॅरेट घेऊन येतात, लिलाव होतो, मग व्यापाऱ्याच्या शेडवर निवड होते आणि रात्री गाड्या भरतात. दहा टायरच्या गाडीत आठशेच्या आसपास कॅरेट, एकेक वीस किलोचं. यातला बराच माल दिल्लीला, आझादपूरच्या मंडीत जातो. अंतर साधारण साडेबाराशे किलोमीटर. धुळे, शिरपूर, सेंधवा, इंदूर, देवास, गुना, शिवपुरी, ग्वाल्हेर, आग्रा, मथुरा. हा रस्ता मला माझ्या घराच्या ओट्यासारखा पाठ आहे.

व्यापारी म्हणतो, सोमवारी रात्री दहाला गाडी सुटली की बुधवारी पहाटे चारला मंडीत पाहिजे. तीस तास झाले. आता हिशेब करा. भरलेली गाडी, घाट, गावं, टोल, खराब पट्टे सगळं धरून सरासरी ताशी पंचेचाळीस पडली तर चांगली म्हणायची. साडेबाराशे भागिले पंचेचाळीस, म्हणजे जवळजवळ अठ्ठावीस तास निव्वळ स्टेअरिंग. उरले दोन. त्या दोन तासांत दोन वेळचं जेवण, डिझेल, टायर ठोकून बघणं, ताडपत्रीचा रस्सा आवळणं, शौचाला जाणं आणि झोप. एका माणसानं.

आणि उशीर झाला तर? बाजार उतरला, माल मऊ पडला, आडत्यानं कमी भावाची पट्टी लावली, ते सगळं भाड्यातून कापलं जातं.

मी स्वतः हा रस्ता असाच मारलाय. २००३ सालची गोष्ट. दुसरी रात्र होती, पहाटेचे साडेतीन झाले असतील. बदरवास सोडून शिवपुरीकडे निघालो होतो. किन्नर, म्हणजे गाडीवरचा क्लीनर, केबिनमधल्या मागच्या फळीवर झोपलेला. दिवसभर त्यानंही ताडपत्री आणि पंक्चरमध्ये कष्ट काढलेले, म्हणून उठवला नाही. झोप येऊ नये म्हणून माझी एक युक्ती होती. रस्त्याच्या कडेचा प्रत्येक किलोमीटरचा दगड मोठ्यानं वाचायचा. शिवपुरी त्रेचाळीस. शिवपुरी बेचाळीस. शिवपुरी एक्केचाळीस. त्यानंतर मी वाचला तो एकोणचाळीसचा दगड.

चाळीसचा दगड गेला कुठे?

डोळे माझे उघडेच होते. मान पडली नव्हती, हात स्टेअरिंगवर होते. लोकांना वाटतं, ड्रायव्हर झोपतो म्हणजे डोळे मिटून घोरतो. तसं होत नाही. आधी कानातला इंजिनचा आवाज लांब जातो, मग समोरचा उजेडाचा तुकडा कागदासारखा सपाट दिसायला लागतो आणि माणूस आतल्या आत विझतो. पाय ॲक्सिलेटरवर तसाच राहतो. डावं चाक कच्च्यात उतरलं आणि खडीचा आवाज आला, त्यानं मी जागा झालो. ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा पुढे बारा-पंधरा पावलांवर एक बंद पडलेली गाडी उभी होती. मागे रिफ्लेक्टर नाही, नुसत्या बाभळीच्या फांद्या आणि चार दगड ठेवलेले. गाडीखाली जॅक लावून दोन माणसं काम करत होती. त्यातला एकजण बॅटरी घेऊन बाहेर आला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पानी चाहिए क्या, भैया?"

मी खाली उतरलो आणि रस्त्यावरच बसलो. हात थरथरत होते. त्यांनी दिलेलं पाणी प्यायलो, तोंडावर मारलं आणि अर्ध्या तासात पुन्हा निघालो, कारण मंडी गाठायची होती. ही गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. तिला ती इथे वाचूनच कळणार आहे.

तेव्हा मला माहीत नव्हतं की माझ्यासाठी एक कायदा होता. माझ्या जन्माच्याही आधीचा, १९६१ चा, मोटार परिवहन कामगार अधिनियम. गाड्या सहा झाल्या तेव्हा आमच्या कर सल्लागारानं सांगितलं, भाऊ, पाच किंवा त्याहून जास्त कामगार असले की हा कायदा तुम्हाला लागू. मग मी तो मागवून वाचला. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. लांब पल्ल्याच्या मार्गासाठी परवानगी घेऊन फार तर दिवसाला दहा आणि आठवड्याला चौपन्न. सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, त्यानंतर किमान अर्धा तास विश्रांती. एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवशीचं सुरू होईपर्यंत सलग नऊ तास सुट्टी. आठवड्याची सुट्टी वेगळी. मोटार वाहन कायद्याचं ९१ वं कलमही याच तासांकडे बोट दाखवतं. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि हा जुना कायदा त्यांच्यात गेला, पण दिवसाचे आठ तास तिथेही कायम आहेत.

वाचताना मला लाज वाटली. वीस वर्षं स्टेअरिंगवर आणि दहा वर्षं मालकीत, एकदाही मी हे आकडे कुणाच्या तोंडून ऐकले नव्हते. ना आरटीओत, ना युनियनच्या मीटिंगमध्ये, ना व्यापाऱ्याच्या गादीवर.

त्या जुन्या कायद्यातली कामाच्या तासांची व्याख्या तर मी दोनदा वाचली. गाडी चालवणं कामात धरलंय, त्याला जोडून येणारी कामंही धरलीत, आणि टर्मिनलवर पंधरा मिनिटांपेक्षा कमी वेळ नुसतं हजर राहणंही धरलंय. मग मंडीच्या गेटबाहेर सहा-सहा तास उभी असलेली गाडी? पुढची सरकली की आपली सरकवायची, माल खाली होताना कॅरेट मोजायचे, हमालांकडे लक्ष ठेवायचं. तो वेळ माणूस झोपत नाही आणि मोजलाही जात नाही. पाठीला विचारलं तर ती वेगळं सांगेल.

आमच्या वेळी झोप कुठे मिळायची, तर नाक्यांवर. हे बाहेरच्यांना विचित्र वाटेल. जकात नाका, सेल्स टॅक्सचा नाका, सेंधव्याचा बॅरिअर. तीन-तीन, चार-चार तासांची रांग. किन्नर गाडी पुढे-पुढे घ्यायचा आणि ड्रायव्हर फळीवर आडवा व्हायचा. व्यापाऱ्यालाही ते माहीत असायचं, तो उशीर त्यानं हिशेबात धरलेला असायचा. २०१३ पर्यंत मुंबई सोडून राज्यातल्या महापालिकांची जकात गेली, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, २०२१ ला फास्टॅग सक्तीचा झाला. रांगा संपल्या हे चांगलंच झालं. त्या रांगांत आम्ही काय काय सोसलंय ते आम्हालाच माहीत, मला त्या परत नकोत. पण वाचलेले तास गेले कुणाला? ते सगळे 'लवकर पोहोचव'मध्ये गेले. ड्रायव्हरच्या फळीवर एक तासही आला नाही.

त्याच काळात किन्नरही गेला. गाड्या चांगल्या झाल्या, पंक्चर कमी झाली, मालकांनी एक पगार वाचवला. मीही वाचवला. किन्नर म्हणजे नुसता हेल्पर नव्हे. पहाटे तीन वाजता शेजारी बसून बडबड करणारं माणूस होतं ते, आणि पाच वर्षांनी होणारा ड्रायव्हरही तोच. आज नवे ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून आम्ही मालक डोकं धरून बसतो, तेव्हा ती पोरं कुठून तयार व्हायची हे आम्हीच विसरलोय.

आणि २०१८. त्याआधी नॅशनल परमिटच्या गाडीला केंद्रीय मोटार वाहन नियमांत दोन ड्रायव्हरची अट होती, आणि जादा ड्रायव्हरला पाय पसरून झोपता येईल अशी पूर्ण लांबीची जागा केबिनमध्ये हवी असंही लिहिलं होतं. खरं सांगायचं तर ती अट आम्ही पाळत नव्हतो. किन्नरच्या हातात लायसन द्यायचं आणि तोच दुसरा ड्रायव्हर म्हणायचं, असं चालायचं. तरी अट कागदावर होती. कुणी व्यापारी फार घाई करायला लागला तर निदान बोट ठेवायला जागा होती. २०१८ मध्ये दोन ड्रायव्हरची ती अट काढून टाकली. त्या फळीवर आता पाण्याचे कॅन, गोधडी आणि स्टोव्ह असतो. मला विचाराल तर या धंद्यात अलीकडे झालेला सगळ्यात वाईट बदल तो.

आता नाना.

नाना माझ्याकडे नऊ वर्षं आहे, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. गेल्या पावसाळ्यात दिल्लीहून परत येताना धुळ्याजवळ लळिंगच्या घाटाआधी पहाटे पाचला त्याची गाडी दुभाजकावर चढली. दुसरं वाहन मध्ये नव्हतं. केबिन आत दबली, नानाचा उजवा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. मी पोहोचलो तेव्हा तो दवाखान्यात होता आणि मला बघून पहिलं वाक्य बोलला ते, "शेठ, गाडीचं लई नुकसान झालं का?"

मी त्याला शेठ म्हणू नको असं नऊ वर्षं सांगतोय.

तेव्हा मी प्रत्येक ड्रायव्हरला वेळेआधी आला तर पाचशे रुपये जादा द्यायचो. मला ते बक्षीस वाटायचं. मी नानाला विचारलं, रिकामी गाडी होती, कुणी बोलावलं नव्हतं, रात्रीची का पळवलीस? पाचशे रुपयांसाठी? तो म्हणाला, "पाचशेचं काय, शेठ. लवकर आलं की तुमी खूश असता."

त्या वाक्यानं मला पुढचे आठ दिवस झोप आली नाही. व्यापाऱ्याला दोष द्यायला मी मोकळा होतो, सरकारलाही होतो, पण ही घाई माझ्या तोंडावरून नानानं वाचली होती. पाचशे रुपये त्याच दिवशी बंद केले आणि ती रक्कम प्रत्येकाच्या भत्त्यात कायमची घातली, लवकर या की उशिरा.

मग मी आणि थोरला मुलगा वही घेऊन बसलो. टोमॅटोच्या गाडीला दोन ड्रायव्हर, हे पहिलं ठरलं. दोघांचे दहा-दहा तास, म्हणजे चोवीस तासांत वीस तास गाडी चालते, नऊशे किलोमीटर होतात. उरलेले साडेतीनशे, आणखी आठ तास. झाले बत्तीस. पंक्चर, जाम आणि पावसासाठी चार तास हातात ठेवायचे. छत्तीस तास. चालत्या गाडीतली झोप निम्मीच लागते, हे मला कुणी सांगायला नको. म्हणून माल खाली झाला की दोघांनी पूर्ण एक रात्र तिथेच झोपायचं आणि परतीला रात्री अकरा ते पहाटे पाच चाक हलवायचं नाही. कांद्याच्या गाडीला एकच ड्रायव्हर ठेवला, पण तिथेही दिवसाचे दहा तास आणि रात्रीचा तोच नियम. कांदा चौथ्या दिवशी पोहोचतो. पोहोचू दे, कांदा थांबतो.

दुसऱ्या ड्रायव्हरचा खर्च फेरीला साडेपाच-सहा हजार येतो. मी तिन्ही व्यापाऱ्यांकडे गेलो. एकानं दोन हजार भाडं वाढवून दिलं. एक म्हणाला, बघू, आणि अजून बघतोय, पण माल देतो. तिसऱ्यानं माझ्यासमोरच फोन लावून दुसरी गाडी ठरवली. तो गेला ते आजवर आला नाही. एका गाडीची अर्ध्या सीझनची भाडी त्यामुळे गेली. गाडीचे हप्ते आहेत, सोपं नाही हे.

यातूनच मला बिल्टीचं कळलं. छत्तीस तासांचा हिशेब केला की प्रश्न येतो, कधीपासून? संध्याकाळी पाचला सुटली तर तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला आरामात मंडीत. रात्री दहाला सुटली तर सकाळचे दहा, लिलाव हुकला. म्हणजे ड्रायव्हरची झोप पिंपळगावच्या शेडवरच ठरते. भाव चढायची वाट बघत व्यापारी निवड लांबवतो, हमाल दुसऱ्या गाडीला लागतात, चार-पाच तास असेच जातात. हे तास कुठेच लिहिले जात नाहीत. ड्रायव्हर ते रात्रीत भरून काढतो. सरकारचा कागद एवढी घाई करत नाही, बरं का. परतीच्या मालाला जे ई-वे बिल असतं ते दोनशे किलोमीटरला एक दिवस देतं. साडेबाराशे किलोमीटरला सात दिवस होतात.

ड्रायव्हर थांबतही नाही कारण थांबायला नीट जागा नसते. कुठेही गाडी लावून झोपलं तर पहाटे टाकी रिकामी. शंभर लिटर डिझेल गेलं तर मालक कुणाकडे बघतो? म्हणून ड्रायव्हर एक कान टाकीकडे ठेवूनच पडतो. आणि दिवसा झोपा म्हणावं तर मे महिन्यात मुरैना-धौलपूरच्या पट्ट्यात केबिनचा पत्रा हात लावू देत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झालीय, माझ्या नव्या गाडीला ती आहे. चालवताना फार फरक पडतो, डोकं शांत राहतं. पण एसी चालतो इंजिनवर. गाडी उभी करून सहा तास इंजिन कोण चालू ठेवणार? तेल कंपन्यांनी पंपांवर 'अपना घर' नावानं ड्रायव्हरांसाठी खोल्या काढल्यात, खाटा, अंघोळीची सोय, रांधायला जागा. माझी पोरं दोनदा राहिली, खूश होऊन आली. अशा जागा दर दीडशे किलोमीटरला पाहिजेत, आणि त्यापुढे गाडी लावायला मोठं, उजेडाचं, राखणदार असलेलं मैदान पाहिजे.

आम्ही आमच्यापुरती सहा ठिकाणं ठरवली आहेत. त्यातला शाजापूरच्या अलीकडचा एक ढाबा मला फार आवडतो. तिथे गल्ल्यामागे शाळेतली असते तशी पाटी टांगलीय. ड्रायव्हर आला की पाटीवर गाडीचे शेवटचे चार आकडे आणि उठवायची वेळ खडूनं लिहितो. खाटा मागच्या बाजूला लिंबाखाली, रस्त्याचा उजेड येत नाही. रात्रभर एक म्हातारे बाबा काठी घेऊन गाड्यांमधून फिरतात आणि वेळ झाली की खाटेच्या पायाला काठी टेकवून हळूच म्हणतात, "उठो बेटा, टैम हो गया." खाटेचे वेगळे पैसे घेत नाहीत, जेवण झालं की झालं. मी मागच्या महिन्यात मुद्दाम गेलो होतो. पाटीवर अकरा नंबर होते. त्यातला एक आमचा, पुढे लिहिलं होतं, ५.३०.

ती पाटी बघूनच मला शिक्क्याचं सुचलं. घरी आल्यावर रबरी शिक्का करून घेतला. दोन ओळी आहेत. 'माल भरून गाडी सुटली' आणि पुढे तास-मिनिटांची जागा. खाली 'पोहोचण्याची वेळ' आणि पुढे तशीच जागा. बिल्टीच्या तिन्ही प्रतींवर मारायचा, वेळ टाकायची, व्यापाऱ्याच्या माणसाची आणि ड्रायव्हरची सही घ्यायची. पोहोचण्याची वेळ मी ठरवलेल्या तासांनुसार मुलगा टाकतो, टोमॅटो असेल तर सुटल्यापासून छत्तीस. उशिराचं भाडं कापायचं असेल तर त्या वेळेनंतर कापा.

नाना आता काठी घेऊन चालतो. शिक्का त्याच्याकडेच असतो. गाडी भरत आली की तो शेडवर जाऊन बसतो आणि घड्याळ बघून आकडे स्वतः लिहितो. अक्षर त्याचं छान आहे, मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

परवा एका शेडवर मुनीम म्हणाला, ही भानगड आमच्या बिल्टीवर नको. नानानं भरलेल्या गाडीची किल्ली खिशात घातली आणि खुर्चीवर बसून राहिला. वीस मिनिटांनी सही मिळाली. सुटायची वेळ त्यानं वीस मिनिटं पुढची टाकली.

काल संध्याकाळी आमच्याच गल्लीतल्या दुसऱ्या एका गाडीवाल्यानं विचारलं, शिक्का कुठे केला रे, किती लागले? बसस्टँडसमोर, अडीचशे रुपये.